घड्याळाचे काटे फिरवायला किती पैसे लागतात?

यंदा गणपतीच्या दिवसांत आमच्या शेजारचा एक मुलगा काखेत लॅपटॉप मारून माझ्याकडे आला. मुलगा गुणी आहे. नोकरी सांभाळून, चार मित्र जमवून त्याने दीड तासाचा एक रहस्यपट काढला होता. चित्रपटगृहाची भानगडच नाही. तयार झाला की सरळ लोकांच्या घरात. “काका, तुम्ही पूर्वी रहस्यकथा लिहायचात ना? बघा आणि अगदी खरं सांगा,” तो म्हणाला.

“खरं सांगा” म्हणणाऱ्या माणसाला खरे कधी सांगू नये, ही गोष्ट पासष्टी उलटली तरी मला उमगलेली नाही. चित्रपट संपल्यावर मी विचारले, “अरे, खून झालेल्या माणसाचा फोन पोलिसांनी पहिल्या दहा मिनिटांत जप्त केला. मग शेवटी खुनी त्याच फोनवरून नायिकेला धमकी कशी देतो? तो फोन चौकीतून बाहेर आला कसा?”

मुलगा क्षणभर गोंधळला. मग हसून म्हणाला, “काका, लो बजेट आहे हो! एवढ्या पैशांत एवढंच होतं.”

मी गप्प बसलो. पण ते वाक्य ऐकून माझ्या पोटात जे ढवळून निघाले ते अजून शांत झालेले नाही. कारण हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. हेच वाक्य चाळीस वर्षांपूर्वी मी ऐकले होते आणि, लाज वाटते सांगायला, मी स्वतः उच्चारलेही होते. आज दिवाळीच्या फराळाच्या ताटावर कोणाशी भांडू नये म्हणतात. पण हे भांडण करायला मला यापेक्षा चांगला दिवस मिळणार नाही. त्याचे कारण पुढे येईलच. माझे भांडण त्या मुलाशी नाही. माझे भांडण त्या वाक्याशी आहे.

तरुण वाचकांना आधी ती जुनी दुनिया थोडी समजावून सांगितली पाहिजे. १९७५ साली सोनी कंपनीने ‘बीटामॅक्स’ आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसीने ‘व्हीएचएस’ बाजारात आणले, आणि चित्रपट डब्यातून निघून पुस्तकाएवढ्या कॅसेटमध्ये येऊन बसला. आपल्याकडे १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत दूरदर्शन आले आणि पाठोपाठ व्हीसीआरचे पेव फुटले. ज्याला तो विकत घेणे परवडत नव्हते तो एका रात्रीपुरता भाड्याने आणी. आमच्या गिरगावातल्या चाळीत वर्गणी काढून टीव्ही आणि व्हीसीआर आणायचे, गॅलरीत सतरंज्या अंथरायच्या आणि एका रात्रीत तीन चित्रपट उडवायचे, असा शिरस्ताच होता. तिसऱ्या चित्रपटाचा शेवट कधीच कोणी पाहिला नाही, कारण तोवर दूधवाला आलेला असे.

मग कोणाच्या तरी डोक्यात आले की, लोक घरीच पाहणार असतील तर चित्रपटगृहाचे भाडे, प्रिंटांचा खर्च आणि वितरकाची मनधरणी हवीच कशाला? चित्रपट काढायचाच मुळी कॅसेटसाठी! मुंबईत ‘स्टारडस्ट’ मासिकाचे प्रकाशक नारी हिरा यांनी १९८० नंतरच्या दशकात ‘हिबा’ या नावाखाली असे हिंदी चित्रपट काढले. आदित्य पांचोलीसारखा नवा नट त्यांतल्या काहींत लोकांसमोर आला. जपानात तोएई कंपनीने १९८९ साली ‘व्ही-सिनेमा’ या नावाने हाच धंदा पद्धतशीर उभा केला. नायजेरियात १९९२ साली केनेथ न्नेब्वे या व्यापाऱ्याने ‘लिव्हिंग इन बाँडेज’ हा चित्रपट कॅसेटवर काढला. पैशाच्या हव्यासापोटी बायकोचा बळी देणाऱ्या माणसाची ती भयकथा. रिकाम्या कॅसेटींचा साठा त्याच्याकडे पडून होता आणि तो खपवायला त्याने त्यांवर चित्रपट भरला, असे सांगतात. त्या एका कॅसेटच्या पाठीवर तिथला प्रचंड चित्रपटधंदा उभा राहिला. म्हणजे ही काही गल्लीतली गंमत नव्हती. जगभर चाललेला उद्योग होता.

आणि या उद्योगात रहस्यपट, थरारपट एवढे का? कारण उघड आहे. पौराणिक चित्रपटाला दरबार लागतो, ऐतिहासिकाला घोडे लागतात, प्रेमकथेला निदान काश्मीर लागते. रहस्यपटाला काय लागते? एक बंगला, पाच माणसे आणि एक प्रेत. प्रेताला संवाद नसतात, म्हणून त्याला पैसेही कमी! गरिबाने हात घालावा असा हाच एक प्रकार. त्यात अप्रतिष्ठेचे काही नाही.

आता माझा गुन्हा सांगतो.

१९८७ साल. मी एका कचेरीत कारकून होतो आणि मासिकांतून रहस्यकथा लिहीत होतो. एका व्हिडिओ निर्मात्याला माझी एक कथा आवडली. त्याचे नाव सांगत नाही. सांगून आता कोणाचे भले होणार नाही. कथा अशी: खंडाळ्याच्या बंगल्यात एका श्रीमंत म्हाताऱ्याचा रात्री बारा वाजता खून होतो. बंगल्यात पाच माणसे. खुनी निघतो त्याचा डॉक्टर. तो रोज रात्री येऊन औषधाचा डोस देतो आणि जाताना दिवाणखान्यातल्या लंबकाच्या घड्याळाला किल्ली देतो. त्या रात्री तो घड्याळ वीस मिनिटे मागे सारतो. साऱ्या कथेचा जीव त्या वीस मिनिटांत होता.

सात दिवसांत चित्रीकरण उरकायचे ठरले. रात्रीचे दृश्य दिवसा, खिडक्यांना काळे कापड लावून घ्यायचे होते, कारण दिवे भाड्याने आणायला पैसे नव्हते. ठीक आहे, कबूल. खुनाचे दृश्य सुरू झाले. म्हातारा आरामखुर्चीत, मागे भिंतीवर ते घड्याळ. मी पाहतो तो घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झालेली! खरोखरच दुपारचे चार वाजले होते आणि घड्याळ बिचारे प्रामाणिकपणे चालत होते. मी दिग्दर्शकाला म्हणालो, “साहेब, घड्याळ.” तो म्हणाला, “व्हिडिओ आहे हो, एवढ्याशा टीव्हीवर कोण घड्याळ बघतंय? एवढ्या पैशांत एवढंच होतं. चला, कॅमेरा!”

मी काय केले असेल? काही नाही. स्टुलावर चढून काटे फिरवायला मला अर्धे मिनिट लागले असते. पण पहिल्यांदाच नाव पडद्यावर येणार होते. वाईटपणा कोण घेणार? मी स्वतःशी पुटपुटलो, “खरंच आहे, एवढ्या पैशांत एवढंच.”

पुढे याहून मोठा अनर्थ झाला. डॉक्टरचे काम करणाऱ्या नटाला ठरलेले पैसे मिळाले नाहीत, आणि सहाव्या दिवशी तो सकाळच्या गाडीने निघून गेला. अगदी योग्य केले त्याने. पण आता खुनी कोण? निर्मात्याने सभोवार पाहिले. स्वयंपाक्याचे काम करणारा नट समोर चहा पीत बसला होता. “हा आहे ना! हाच खुनी,” निर्माता म्हणाला. सारे धागेदोरे डॉक्टरकडे बोट दाखवीत होते, आणि खून मात्र स्वयंपाक्याने केला! का केला? मला रातोरात कारण लिहायला सांगण्यात आले. मी लिहिले. त्याला म्हाताऱ्याने लहानपणी मारले होते, असे लिहिले. आजही ते वाक्य आठवले की मी उशीत तोंड खुपसतो.

त्या वर्षी भाऊबीजेच्या रात्री ती कॅसेट आमच्या चाळीत लागली. माझा चित्रपट म्हणून सारी चाळ लोटली होती. बहिणी माहेरी आल्या होत्या, चकल्यांचे डबे फिरत होते, आणि माझी आई सर्वांत पुढे पाटावर बसली होती.

आईबद्दल एक सांगितले पाहिजे. ती चौथीपर्यंत शिकलेली. पण बाबुराव अर्नाळकरांची भक्त. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, आणि आईने त्यांतल्या निम्म्या तरी वाचल्या असाव्यात. झुंजार आणि काळापहाड ही तिला माहेरची माणसे वाटत. वाचनालयातून पुस्तक आणायचे, चुलीवर भात ठेवायचा आणि भात शिजेपर्यंत खुनी ओळखायचा, हा तिचा नेम. १९६४ साली राजा परांजप्यांचा ‘पाठलाग’ आला तेव्हा तो तिने दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा केवळ आपण कुठे फसलो ते शोधण्यासाठी. पुढे त्याच कथेवर हिंदीत ‘मेरा साया’ निघाला तेव्हा ती कौतुकाने म्हणाली होती, “आपल्या गोष्टीला मोठं घर मिळालं.”

चित्रपट संपला. टाळ्या पडल्या. चाळ दिलदार असते. आई काही बोलली नाही. सगळे पांगल्यावर तिने विचारले, “हे मागे नेता येतं का रे?” मी बटण दाबून फीत मागे नेली. “थांब,” ती म्हणाली. पडद्यावर आरामखुर्ची, म्हातारा आणि घड्याळ. चार वाजून दहा मिनिटे. “हे बघ. मला वाटलं, यातच काहीतरी आहे. खून बाराला झाला म्हणतात आणि घड्याळात चार! म्हटलं, माझा मुलगा हुशार आहे, त्यानं मुद्दाम ठेवलंय. शेवटपर्यंत मी त्या घड्याळाची वाट बघत बसले. आणि तुम्ही त्या स्वयंपाक्याला धरलंत?”

मी म्हणालो, “आई, व्हिडिओ आहे गं तो. पैसे नव्हते त्यांच्याकडे. एवढ्या पैशांत एवढंच होतं.”

आईने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, “आपल्या घरी पाहुणा आला आणि काही नसलं तर आपण पिठलं-भाकरी वाढतो. त्याची लाज नाही. पण करपलेलं पिठलं वाढून ‘आम्ही गरीब आहोत हो’ असं नाही म्हणत. पिठलं करपतं ते गरिबीनं नाही, लक्ष नसल्यानं. घड्याळाचे काटे फिरवायला किती पैसे लागतात रे?”

वाचकहो, गेली चाळीस वर्षे मी या प्रश्नाचे उत्तर शोधतो आहे. अजून कोणी निर्माता मला आकडा सांगू शकलेला नाही.

आता कोणी म्हणेल, ही आईची माया आणि भाऊबीजेची हळवी आठवण झाली. कलेच्या प्रांतात तिचे काय? तर मी प्रांत सोडून बाहेर जातो आणि साक्षीदार उभे करतो.

पहिला साक्षीदार १९४२ सालचा. अमेरिकेत आरकेओ कंपनीने व्हॅल ल्यूटन या निर्मात्याच्या हातावर अगदी थोडे पैसे ठेवले आणि ‘कॅट पीपल’ हे नावही वरून दिले: याच नावाचा भयपट काढ. दुसऱ्या चित्रपटांसाठी उभारलेले सेट वापरून त्याने तो काढला. बाईचे हिंस्र श्वापद होते अशी ती कथा. ल्यूटन आणि दिग्दर्शक जाक टूर्नर यांनी काय केले? श्वापद जवळजवळ दाखवलेच नाही. रात्रीचा निर्जन रस्ता, एकटी बाई, पाठीमागे पावले. पावले थांबतात. ती घाबरून वळते, आणि एकदम फिस्कारल्याचा आवाज येतो. प्रेक्षक खुर्चीतून उडतो. ती असते बस! बसचा ब्रेक! श्वापद आणण्याचा खर्च वाचला आणि भीती मात्र दुपटीने वाढली.

दुसरा साक्षीदार खुद्द हिचकॉक. १९५९ साली त्याच्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’वर चाळीस लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला होता. पुढच्याच वर्षी त्याने ‘सायको’ काढला सुमारे आठ लाखांत. दूरदर्शनच्या मालिकेसाठी काम करणारी आपली मंडळी घेतली, रंगाला फाटा दिला, आणि रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला. काळ्यापांढऱ्या चित्रात तो रक्तच दिसतो. पण त्याच चित्रपटात न्हाणीघरातल्या खुनाच्या पाऊण मिनिटाच्या दृश्याला त्याने सात दिवस दिले! हे ध्यानात घ्या. काटकसर म्हणजे सगळीकडे सारखे कमी देणे नव्हे. जिथे कथेचा जीव आहे तिथे ओतायचे आणि बाकीच्या ठिकाणी राखायचे. आमच्या आया महिनाअखेर सण साजरा करीत तो याच हिशेबाने.

तिसरा साक्षीदार ‘ड्युएल’. १९७१ साली दूरदर्शनसाठी, म्हणजे घरात बसून पाहण्यासाठीच, चोवीस वर्षांच्या स्टीव्हन स्पिलबर्गने तो जेमतेम दोन आठवड्यांत काढला. एक मोटार, एक मालट्रक आणि वाळवंटातला रस्ता. ट्रकवाला त्या मोटारवाल्याच्या जिवावर उठतो. का, ते कळत नाही. ट्रकवाल्याचा चेहरा शेवटपर्यंत दिसत नाही. मी विचारतो, न दाखवलेल्या चेहऱ्याचा खर्च किती?

घरचा साक्षीदार हवा? यश चोप्रांचा ‘इत्तेफाक’, १९६९. ‘धुम्मस’ या गुजराती नाटकावरून घेतलेला. एक घर, एक रात्र, राजेश खन्ना आणि नंदा. एकही गाणे नाही. सुमारे महिन्याभरात तयार झालेला. आणि त्यासाठी चोप्रांना उत्कृष्ट दिग्दर्शनाचे ‘फिल्मफेअर’ मिळाले. क्रिस्टोफर नोलनने १९९८ साली ‘फॉलोइंग’ हा पहिला चित्रपट लंडनमध्ये असाच काढला. सारे नोकरदार, म्हणून चित्रीकरण शनिवारी, असे वर्षभर. फिल्म महाग, म्हणून नटांची तालीम इतकी पक्की करून घेतली की बहुतेक दृश्ये एकदोनदा घेऊनच भागावीत. तालमीला फिल्म लागत नाही, हे आमच्या निर्मात्यांना कधी कळणार?

आणि शेवटचा साक्षीदार तर आमच्याच जातीचा. रॉबर्ट रॉड्रिगेझ या तरुणाने ‘एल मारियाची’ हा चित्रपट मुळात स्पॅनिश भाषेच्या व्हिडिओ बाजारासाठी काढला होता. चित्रपटगृहाचे स्वप्नही नव्हते. सुमारे ७ हजार डॉलर भांडवल, आणि त्यातला बराचसा पैसा औषधांच्या चाचणीसाठी स्वतःचे शरीर देऊन मिळवलेला. कॅमेरा सरकवायला गाडी नाही, म्हणून चाकाच्या खुर्चीत बसून चित्रण केले. १९९२ साली कोलंबियासारख्या बड्या कंपनीने तो घेतला. इथे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की तो पडद्यावर नेण्याच्या लायक करायला कंपनीने नंतर मूळ खर्चाच्या कितीतरी पट पैसा घातला. पण तो घालावासा का वाटला? गिटारवाल्याला गुंड समजून सारे गाव त्याच्या मागे लागते ही गंमत त्याने पहिल्यापासून शेवटपर्यंत घट्ट पकडून ठेवली होती, म्हणून.

या सगळ्यांनी एक गोष्ट ओळखली होती. रहस्य आणि उत्कंठा यांचा कच्चा माल पैसा नाही. माहिती हा आहे. कोणाला काय ठाऊक आहे, कधी कळते आणि कोणाला अजून कळलेले नाही, याची वाटणी म्हणजे रहस्यपट. हिचकॉकने त्रुफोला दिलेला दाखला प्रसिद्धच आहे: दोघे जण टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक खालचा बाँब फुटला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का बसतो, पण बाँब आहे हे प्रेक्षकाला आधी दाखवले, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. विचार करा, यात पैसा कुठे आला? स्फोट दाखवायला खर्च येतो. न झालेला स्फोट फुकट असतो, आणि तोच अधिक भिववतो.

आता दुसऱ्या बाजूचे म्हणणेही ऐकून घेतो. “आवाज नीट ध्वनिमुद्रित करायला यंत्र लागते, प्रकाशाला दिवे लागतात.” कबूल! चित्र धुरकट असेल तर मी रागावणार नाही. भिंतीचा रंग उडालेला असेल, मोटार जुनी असेल, पोलिसाची टोपी ढिली असेल, तरी मी एक शब्द काढणार नाही. ती पिठलं-भाकरी झाली. आमच्या मालेगावात नासिर शेख यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला तेव्हा डाकूंच्या बुडाखाली घोड्यांऐवजी सायकली होत्या. त्या सायकली लपवल्या नाहीत. उलट हसू तिथूनच काढले. गरिबीला कामाला लावणे याचे नाव हे.

पण एक खर्च असा आहे की तो वाचवून मिळवलेली काटकसर मला मान्य नाही, आणि तो म्हणजे माणसांचे पैसे. आमचा डॉक्टर गाडीत बसून गेला तो याच कारणाने. सात दिवस राबवून नटाला, कॅमेऱ्यामागच्या पोराला, चहावाल्याला ठेंगा दाखवायचा आणि त्याला ‘लो बजेट’ म्हणायचे, ही गरिबी नव्हे. ही लबाडी आहे. पाच जणांना देता येत नसेल तर तिघांची कथा लिहा. कथेतली माणसे कमी करायला शाई लागते, पैसा नाही.

मग “एवढ्या पैशांत एवढंच” या वाक्याचा खरा अर्थ काय? मी सांगतो. त्याचा अर्थ असतो, “तुझ्यासाठी एवढंच.” चित्रपटगृहात तिकीट काढून येणारा प्रेक्षक मोठा, घरात लुंगी लावून, मांडीवर नातवंड घेऊन बसलेला प्रेक्षक खालचा. त्याला काहीही चालते. एवढ्याशा टीव्हीवर कोण घड्याळ बघतंय! या वाक्यात पैशाचा संबंध फक्त शब्दांपुरता. आत आहे तो प्रेक्षकाचा अवमान. आणि गंमत पाहा, घरचा प्रेक्षक हाच खरा कठोर न्यायाधीश. चित्रपटगृहात निसटलेली चूक निसटली. मागे जाता येत नाही. घरात मात्र आईच्या बोटाखाली बटण असते. ती फीत मागे नेते आणि बोट ठेवते: हे बघ, चार वाजून दहा मिनिटे. रहस्यकथेला इतका न्याय्य दरबार पूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि आम्ही त्या दरबारात खोटे दस्तऐवज घेऊन गेलो.

प्रेक्षकांनाही दोन शब्द सुनावल्यावाचून मी थांबणार नाही. “भाडं दहा रुपये, चाललंच की!” असे म्हणून आपणही खांदे उडवीत होतो. आज तर महिन्याच्या वर्गणीत हजार चित्रपट घरी येऊन पडतात, म्हणून कोणालाच काही म्हणायचे नाही. अहो, पैसे कमी गेले असतील. पण दीड तास गेला त्याचे काय? आयुष्यातला दीड तास हा झोपडीत आणि हवेलीत सारख्याच भावाने मिळतो. तो स्वस्त चित्रपटाने खाल्ला म्हणून स्वस्त होत नाही.

व्हिडिओ कॅसेटचा जमाना संपला. फुनाई या जपानी कंपनीने २०१६ साली व्हीसीआर बनवणे थांबवले, तेव्हा त्या यंत्राचे उरलेसुरले कारखानेही मिटले. माझी ती कॅसेट कपाटात आहे. लावायला यंत्र नाही. आई जाऊनही पुष्कळ वर्षे झाली. खंडाळ्याचा म्हातारा आरामखुर्चीत बसून आहे, आणि त्याच्या मागे कायमचे चार वाजून दहा मिनिटे झालेली आहेत. ते काटे आता मला फिरवता येणार नाहीत. यंत्र गेले, कॅसेट गेली, पण ते वाक्य मात्र जिवंत राहिले. परवा गणपतीत ते माझ्याच घरात येऊन माझ्यासमोर बसले.

म्हणून दिवाळीतच हे भांडण उकरून काढले. भाऊबीज कोणत्या वारी आहे, ते घरातली मंडळी पंचांगात पाहतील; पण त्या रात्री पुन्हा घरोघर पडदे लागतील, चकल्या फिरतील आणि कोणाची तरी आई सर्वांत पुढे बसलेली असेल. तिच्या पुढ्यात काय वाढणार आहात?

शेजारच्या मुलाला मी निरोप धाडला आहे. म्हटले, “रागावू नकोस. पुढच्या चित्रपटाच्या वेळी मला बोलाव. मानधन नको, नावही नको. मी एका कोपऱ्यात बसेन. कॅमेरा सुरू होण्याआधी फक्त एकदा स्टुलावर चढेन, घड्याळ लावीन आणि खाली उतरेन.”

त्याचे उत्तर आले आहे. लिहितो, “काका, स्टूल नाही आमच्याकडे.”

मी कळवले, “स्टूल मी घेऊन येतो.”